जुनी गाडी घ्यावी की नवी? वालचंद हिराचंद यांच्या आयुष्यातून समजून घेऊया



मी यवतमाळ जिल्ह्यातला. त्यामुळे मोबाइल, ॲप आणि गॅझेटच्या प्रश्नांसोबत मला आणखी एक प्रश्न सारखा विचारला जातो: भाऊ, हातात दीड लाख आहेत, तेवढ्यात एखादी जुनी कार घेऊन टाकू, की थोडं डाउनपेमेंट करून हप्त्यावर नवी घेऊ? पुसदच्या मित्रांकडून येतो, वणीहून येतो, दारव्ह्याहून येतो. कापसाचे पैसे हातात आले की तर जास्तच येतो.

याचं उत्तर देणारे व्हिडिओ भरपूर आहेत. पण मला हा विषय सगळ्यात चांगला समजला तो एका माणसाच्या आयुष्याकडे बघून. त्याने विकत घेतलेली सेकंडहँड वस्तू कार नव्हती, ती होती २८ वर्षं जुनी आगबोट! आणि पुढे याच माणसाने भारतात मोटारी बनवणारी कंपनी उभी केली. त्या कंपनीच्या जुन्या गाड्या आजही कुठेतरी ताडपत्रीखाली उभ्या दिसतात.

त्यांचं नाव वालचंद हिराचंद. तुमच्यापैकी ज्यांनी इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनचे राउंड भरलेत त्यांना सांगलीचं वालचंद कॉलेज नक्की माहीत असेल. ते नाव यांचंच. तर चला, आधी त्यांची गोष्ट बघू आणि सोबत गाडीचा हिशोबही करू.

सोलापूरचा मुलगा

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घर गुजराती जैन व्यापाऱ्याचं, पण सोलापुरात स्थायिक झालेलं. आई त्यांच्या जन्मानंतर लगेचच गेली. शाळा सोलापुरात झाली, पुढे मुंबईला आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकायला गेले, पण पदवी न घेताच परतले. घरचा धंदा सावकारी आणि कापूस-धान्याच्या व्यापाराचा. म्हणजे दुकानात बसायचं आणि व्याजाचा हिशोब ठेवायचा. त्यात त्यांचं मन रमलं नाही.

मग त्यांना लक्ष्मणराव फाटक भेटले. हे रेल्वेत कारकुनी केलेले गृहस्थ. त्यांना कामाची माहिती होती, वालचंद यांच्याकडे भांडवल होतं. दोघांनी भागीदारीत रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. पहिलं काम मिळालं ते बार्शी लाइट रेल्वेच्या एका तुकड्याचं.

इथे आपल्या यवतमाळच्या वाचकांनी जरा थांबायला हवं. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फूट रुंदीची नॅरोगेज लाइन होती. आपली यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला, तिचा गेजही तोच, अडीच फुटांचा. म्हणजे ज्या प्रकारच्या छोट्या रुळांवर आपल्या आजोबांनी प्रवास केला, तसल्याच रुळांच्या मातीकामात या माणसाच्या धंद्याची सुरुवात झाली. शकुंतलेकडे आपण पुढे परत येऊच, कारण जुन्या-नव्याच्या हिशोबात तिचंही काम आहे.

कंत्राटदारी वाढत गेली. पुढे १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे हे तिच्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी. पण त्याच्या आधी, १९१९ मध्ये, वालचंद यांनी आपल्या विषयाला धरून असलेली ती खरेदी केली.

लॉयल्टी: सेकंडहँड आगबोट

पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. युद्धात असंख्य जहाजं बुडाली होती. माल पडून आहे पण न्यायला बोट नाही, अशी जगभर स्थिती. नवी बोट ऑर्डर केली तर कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. भारताच्या किनाऱ्यावरची आणि परदेशी जाणारी जवळपास सगळी मोठी वाहतूक ब्रिटिश कंपन्यांच्या हातात होती.

अशात वालचंद यांना कळलं की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे असलेली एक बोट विकायची आहे. तिचं नाव लॉयल्टी. पण हे तिचं दुसरं नाव. मूळ नाव एम्प्रेस ऑफ इंडिया. १८९० मध्ये इंग्लंडमध्ये बांधलेली ही बोट कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची प्रवासी बोट होती. व्हँकुव्हरहून जपान आणि हाँगकाँगकडे टपाल आणि श्रीमंत प्रवासी घेऊन जायची. १९१४ च्या शेवटी ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली आणि युद्धात ती हॉस्पिटल बोट म्हणून वापरली गेली.

म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर थर्ड ओनर, २८ वर्षं जुनं मॉडेल, भरपूर चाललेली, आधी लक्झरी सेगमेंटची आणि मग ॲम्ब्युलन्स म्हणून वापरलेली!

वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना सोबत घेतलं आणि बोट विकत घेतली. त्यासाठी जी कंपनी स्थापन झाली तिचं नाव सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, ग्वाल्हेरच्या घराण्यावरून. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. स्वतः वालचंद बोटीवर होते. भारतीय मालकीचं एवढं मोठं जहाज इंग्लंडला निघालंय, ही त्या काळात छोटी बातमी नव्हती. आजही ५ एप्रिल हा दिवस देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात, तो याच प्रवासामुळे. स्पर्धा परीक्षा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

पण चार वर्षांत, म्हणजे १९२३ मध्ये, लॉयल्टी भंगारात निघाली.

लॉयल्टी परवडली का नाही?

इथे खरी टेक्निकल गंमत आहे. लॉयल्टी वाईट बोट नव्हती. उलट आपल्या काळात ती उत्तम बोट होती. अडचण अशी की ती ज्या कामासाठी बनली होती ते काम आता तिच्याकडे नव्हतं.

पहिलं म्हणजे जागा. प्रवासी बोटीत केबिन, जेवणाचे हॉल, डेक यांनाच बहुतेक जागा लागते. मालाची जागा त्यामानाने कमी. धंदा करायचा तर माल हवा.

दुसरं म्हणजे वेग आणि कोळसा. ही बोट साधारण १६ नॉट वेगासाठी बांधलेली. त्या काळच्या मालवाहू बोटी साधारण ९ ते १० नॉटने निवांत जायच्या. आता फरक दीडपटीचा वाटतो, पण पाण्यात हिशोब वेगळा असतो. बोटीचा वेग वाढवला की लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे वेग दुप्पट हवा असेल तर ताकद जवळपास आठपट लागते. १० वरून १६ ला जायचं तर चौपट. म्हणून अशा बोटीत मोठी इंजिनं, मोठे बॉयलर, कोळशाच्या मोठ्या कोठ्या आणि कोळसा टाकणारी माणसंही जास्त. बोट हळू चालवली तरी एवढा पसारा सांभाळावाच लागतो.

तिसरं म्हणजे वय. २८ वर्षं समुद्रात राहिलेल्या लोखंडाला दुरुस्ती लागणारच.

आणि चौथं म्हणजे बाजार. युद्धानंतर बोटीचं भाडं चढलेलं होतं, पण १९२० नंतर मंदी आली आणि भाडं कोसळलं. उत्पन्न कमी झालं, पण कोळसा, पगार आणि दुरुस्ती तशीच राहिली. त्यात जुन्या ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून स्पर्धा सुरू केली ती वेगळीच.

आता हेच गाडीवर लावून बघा. कोणीतरी १२ वर्षं जुनी मोठी एसयूव्ही चार लाखांत विकतो आणि आपल्याला वाटतं, अरे, नवी छोटी कार सहा लाखांना आणि ही एवढी मोठी गाडी चारला! पण ती गाडी नवी असताना वीस लाखांची होती. तिचे टायर, ब्रेक, सस्पेन्शन, इंजेक्टर यांच्या किमती आजही वीस लाखांच्या गाडीच्याच आहेत. वय झालं म्हणून गाडीची किंमत उतरते, पार्टची किंमत उतरत नाही. लॉयल्टीचं हेच झालं.

आणखी एक गोष्ट. नव्या वस्तूंचा तुटवडा असला की जुन्या महाग होतात. १९१९ मध्ये बोटींचं तसं होतं. २०२१-२२ मध्ये चिपच्या तुटवड्यामुळे नव्या कारला महिनोन्महिने वेटिंग लागलं, तेव्हा सेकंडहँड कारचे भाव असेच चढले होते. अशा वेळी जुनी घेताना आपण गाडीचे पैसे देत नसतो, लवकर मिळण्याचे पैसे देत असतो.

मग ती घ्यायलाच नको होती का?

मला तसं वाटत नाही, आणि गोष्टीचा हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो.

लॉयल्टीने नफा दिला नाही. पण लॉयल्टी नसती तर सिंदिया कंपनीच नसती. नवी बोट मिळेल तेव्हा सुरू करू म्हणून वालचंद थांबले असते तर सुरुवातच झाली नसती. लॉयल्टीच्या पाठोपाठ कंपनीने मालवाहू बोटी घेतल्या आणि धंदा खऱ्या अर्थाने त्यांच्यावर चालला. १९२३ मध्ये ब्रिटिश कंपन्यांसोबत दहा वर्षांचा करार झाला. त्यात सिंदियाने किती बोटी ठेवायच्या आणि कुठे चालवायच्या यावर जाचक मर्यादा होत्या. पण ज्या कंपनीला बुडवायचं ठरवलं होतं तिच्याशी करार करावा लागला, हेही खरं. १९२९ मध्ये वालचंद कंपनीचे अध्यक्ष झाले आणि १९५० पर्यंत राहिले.

म्हणजे जुन्या वस्तूचे दोन हिशोब असतात. एक पैशांचा, आणि दुसरा ती आपल्याला कुठून कुठे नेऊन सोडते याचा. पहिली जुनी कार घेऊन ड्रायव्हिंग शिकणारा, त्यावर भाजीचा किंवा सर्व्हिसिंगचा धंदा सुरू करणारा पोरगा दुसऱ्या हिशोबात नफ्यात असू शकतो. फक्त पहिला हिशोब डोळे उघडे ठेवून करायला हवा, आणि वेळ आली की लॉयल्टीसारखी ती सोडताही यायला हवी.

साखर, विमान, जहाज आणि शेवटी मोटार

तीसच्या दशकात वालचंद शेती आणि साखरेकडे वळले. नाशिक जिल्ह्यातलं रावळगाव आणि इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ही दोन्ही ठिकाणं यातूनच ओळखीची झाली. रावळगावच्या गोळ्या तुमच्यापैकी अनेकांनी खाल्ल्या असतील.

१९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले. तिथून परतताना विमानात त्यांची विल्यम पॉली या विमान-व्यावसायिकाशी भेट झाली. त्या भेटीतून डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. युद्धाच्या धामधुमीत १९४२ मध्ये तिचा ताबा सरकारने घेतला. आज आपण जिला एचएएल म्हणतो, तेजस विमान बनवणारी, तिची सुरुवात ही.

१९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाज बांधणीच्या यार्डाची पायाभरणी झाली. १९४८ मध्ये तिथून जलउषा ही बोट पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. विचार करा. २९ वर्षांपूर्वी ज्या माणसाला दुसऱ्याची वापरलेली बोट घ्यावी लागली होती, त्याच्या यार्डात आता नवी कोरी बोट तयार होत होती.

मोटारीचं स्वप्न मात्र सगळ्यात जास्त रखडलं. अमेरिकेत फोर्डशी बोलणं जमलं नाही, मग १९४० मध्ये क्रायस्लर कंपनीशी करार झाला. अभियंते विश्वेश्वरय्या या कल्पनेच्या पाठीशी होते. पण ब्रिटिश सरकारने साथ दिली नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये मुंबईच्या कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डिसोटो, प्लिमथ या अमेरिकन गाड्या आणि ट्रक तिथे जोडले जायचे.

१९४९ मध्ये वालचंद यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी कामकाजातून निवृत्ती घेतली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. लॉयल्टी मुंबईहून निघाली त्याला ३४ वर्षं आणि ३ दिवस झाले होते.

त्यांनी न पाहिलेली गाडी

प्रीमियर म्हटलं की आपल्याला जी गाडी आठवते ती वालचंद यांनी कधी पाहिलीच नाही. त्यांच्या शेवटच्या वर्षांत कंपनीने इटलीच्या फियाटशी हातमिळवणी केली होती. फियाट ११०० भारतात आली ती १९५४ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर. पुढे याच गाडीच्या ११००डी मॉडेलला १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळालं. आणि ती गाडी २००० सालच्या आसपासपर्यंत बनत राहिली!

पद्मिनीत होतं काय? १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, सुमारे ४० हॉर्सपॉवर, चार गिअर, आणि बरीच वर्षं गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या शेजारी. ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. पेट्रोल आणि हवा मिसळायला कार्बुरेटर, स्पार्क वाटायला डिस्ट्रिब्युटर. बंद पडली तर बॉनेट उघडा, प्लग काढा, पुसा, जेट फुंकरून साफ करा, आणि निघा. प्रत्येक गावातल्या मिस्त्रीला तिची नस माहीत. म्हणूनच ती मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून दशकानुदशकं टिकली. टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली.

लायसन्स राजच्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागायचा. त्यामुळे कधी कधी वापरलेली गाडी नव्याच्या शोरूम किमतीपेक्षा महाग विकली जायची. आज हसू येतं, पण १९१९ ची आणि २०२१ ची गोष्ट हीच.

आणि आपली शकुंतला

आता आधी म्हटलं तसं शकुंतलेकडे येऊ. यवतमाळ-मूर्तिजापूर ही सुमारे ११३ किलोमीटरची लाइन. तिच्यावर धावणारं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं, १९२३ मध्ये इथे कामाला लागलं आणि थेट एप्रिल १९९४ मध्ये निवृत्त झालं. सत्तर वर्षं!

गंमत बघा. १९२३ मध्ये लॉयल्टी ३३ व्या वर्षी भंगारात गेली आणि त्याच वर्षी शकुंतलेचं इंजिन कामाला लागून पुढची सत्तर वर्षं चाललं. दोन्ही वाफेचीच यंत्रं. मग फरक कशाचा? शकुंतलेचं इंजिन ज्या कामासाठी बनलं, तेच काम शेवटपर्यंत करत होतं. छोटी लाइन, कमी वेग, हलके डबे. आणि त्याला ओळखणारी, दुरुस्त करणारी माणसं लाइनवरच होती.

माझ्या मते जुन्या यंत्राबद्दल सगळ्यात आधी हेच विचारावं. मॉडेल कोणत्या वर्षाचं हा प्रश्न नंतरचा. आधी बघायचं की मला जे काम हवंय त्यासाठी हे बनलंय का, आणि बिघडलं तर जवळ कोण दुरुस्त करेल.

आता तुमचा हिशोब

चला, आकडे मांडू. हे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमचे आकडे टाकून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तुम्हीच करा. दोन्ही गाड्या पाच वर्षं ठेवायच्या असं धरू.

नवी गाडी: समजा ऑन-रोड ७ लाख. २ लाख भरले, ५ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी. हप्ता बसतो साधारण १०,५०० रुपये. पाच वर्षांत नुसतं व्याज जातं १ लाख ३० हजार. पाच वर्षांनी गाडी साडेतीन लाखांना गेली, तर किमतीत घट साडेतीन लाख. सर्व्हिसिंग ४० हजार, फुल इन्शुरन्सचे जास्तीचे ६० हजार. एकूण झाले ५ लाख ८० हजार.

जुनी गाडी: समजा दीड लाखाला घेतली, पाच वर्षांनी ७५ हजारांना विकली. घट ७५ हजार. दुरुस्ती वर्षाला ३० हजार धरली तर दीड लाख. आता ॲव्हरेज. जुनी १२ देते, नवी १८ देते. वर्षाला ६,००० किलोमीटर चालवली तर जुनीला १६७ लिटर पेट्रोल जास्त लागतं. १०५ रुपये भावाने वर्षाला साडेसतरा हजार, पाच वर्षांत ८७ हजार ५००. एकूण ३ लाख १२ हजार ५००.

म्हणजे जुनी स्वस्त पडली, बरोबर? थांबा. हे महिन्याला ५०० किलोमीटरवाल्यासाठी. तुम्ही सारखं यवतमाळ-अमरावती करत असाल आणि वर्षाला २४,००० किलोमीटर होत असतील, तर नुसतं जास्तीचं पेट्रोलच पाच वर्षांत साडेतीन लाख. दुरुस्ती दुप्पट धरली तर तीन लाख. घट धरून सव्वासात लाख. तिकडे नवीची सर्व्हिसिंग दुप्पट आणि विक्रीची किंमत तीन लाखच धरली तरी ती ६ लाख ७० हजारात बसते. पारडं फिरलं! हीच लॉयल्टी. उभी असताना स्वस्त वाटते, धावायला लागली की महाग पडते.

आपल्या जिल्ह्यासाठी आणखी एक मुद्दा, जो पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत कोणी सांगत नाही. पगारदाराला दर महिन्याला हप्ता भरणं सोपं आहे. पण कापूस-सोयाबीनवाल्या घरात पैसा येतो दिवाळीपासून पुढच्या काही महिन्यांत. हप्ता मात्र जून-जुलैतही येतो, बी-बियाणं आणि खताच्या ऐन वेळी. १९२० नंतर सिंदियाला जसं उत्पन्न घटलं तरी खर्च थांबत नव्हता, तसंच. जुन्या गाडीचं बरं म्हणजे पैसे नसतील तर तिला महिनाभर उभी ठेवता येते. हप्ता उभा ठेवता येत नाही.

पण दुसरी बाजूही सांगतो. एप्रिल २०१९ पासून नव्या कारला एबीएस बंधनकारक झालं आणि २०२१ च्या शेवटापर्यंत पुढे बसणाऱ्या दोघांसाठीही एअरबॅग. त्याआधीच्या स्वस्त गाडीत दोन्ही नसण्याची शक्यता आहे. नागपूर-तुळजापूर हायवेवर १०० च्या वेगाने घरच्यांना घेऊन जाणार असाल तर ही बचत कसली? गावात, शेतापर्यंत, बाजारापर्यंत फिरणार असाल तर गोष्ट वेगळी.

आणि आनंदाचंही बोलू. मे महिन्यात ४४ डिग्रीला नव्या गाडीचा एसी, रात्री घाटात बंद पडणार नाही याची खात्री, हे सुख खरंच आहे. पण जुन्या गाडीचा आवाज ऐकून कुठे काय वाजतंय ते ओळखता येणं, पान्याने स्वतः काहीतरी दुरुस्त करणं, खरचटलं तरी जीव न जळणं, हेही सुखच आहे. ते पैशात मोजता येत नाही, म्हणून कोणी तुमच्यासाठी ठरवूही शकत नाही.

जुनी घ्यायचीच असेल तर एवढं बघा

१. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. एमएच-२९ असो की बाहेरचा, रजिस्ट्रेशनची तारीख, इन्शुरन्स, फिटनेस तपासा. परिवहन पोर्टलवर थकलेले चलन बघा.

२. आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात.

३. खासगी कारचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. पुढे दर पाच वर्षांनी पासिंग. २०२२ पासून नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली, आणि २० वर्षांवरच्या गाडीला त्याहून जास्त. शिवाय पर्यावरण कर. १४ वर्षांची गाडी स्वस्त का मिळतेय ते इथे कळतं.

४. थर्ड पार्टी इन्शुरन्स गाडीच्या वयावर नाही, इंजिनच्या सीसीवर ठरतो. गाडी जुनी म्हणून तो स्वस्त होत नाही.

५. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. साधारण एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या त्यासाठी बनल्या आहेत. फार जुन्या गाडीत रबरचे पाइप आणि सील तपासून घ्या.

६. सकाळी, इंजिन थंड असताना गाडी सुरू करून बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर हेड गॅसकेटची शंका घ्या.

७. आपल्या गावातल्या मिस्त्रीला आधी विचारा की या मॉडेलचे पार्ट मिळतात का. तो नाही म्हणाला तर गाडी कितीही चकचकीत असो, सोडून द्या.

शेवटी माझं मत विचाराल तर असं. कमी फिरणं, जवळचा मिस्त्री आणि महिन्याचा पक्का पगार नाही, तर साधी, लहान, खूप विकली गेलेली जुनी गाडी घ्या. रोजचं लांबचं फिरणं आणि पक्का पगार असेल तर नवी घ्या. आणि मोठ्या लक्झरी गाडीचा स्वस्तातला सौदा समोर आला तर आधी लॉयल्टीचा कोळसा आठवा.

माहिती कामाची वाटली तर गाडी शोधणाऱ्या मित्राला नक्की पाठवा. टोकन देण्याआधी पाठवा म्हणजे झालं!